जिमचं उद्घाटन आणि माझे दोन शब्द

सख्ख्या भाच्याची जिम उद्घाटनाच्या भाषणातच जवळजवळ बंद पाडणारा पंचवटीतला मी एकटाच मामा आहे.

प्रशांतने अंबडच्या कंपनीतली नोकरी सोडून जिम काढली. सगळी भिस्त सकाळच्या बायकांच्या बॅचवर, कारण पुरुष नाव नोंदवतात आणि दुसऱ्या दिवसापासून जिमसमोर फक्त गाडी लावतात. शेजारच्या अलकावहिनींनी खटपट करून गल्लीतल्या अकरा बायका तयार केल्या होत्या. त्या पहिल्या रांगेत सासवांसकट बसल्या होत्या. नारळ फोडायला मी. (निवृत्त शिक्षक फुकटात येतो आणि शालीवर खूश होतो.)

"मामा, दोनच शब्द बोला," प्रशांत म्हणाला.

मी एकच घेतला. जिम्नॅशियम. "इंग्लंडात याचा अर्थ व्यायामशाळा. पण जर्मनीत पोरं जिम्नॅशियमला दप्तर घेऊन जातात. तिथे ती चक्क शाळा! स्वीडनमध्येही शाळाच." सासवांनी माना डोलावल्या. इथे थांबायला हवं होतं. पण अर्थ सांगून मूळ न सांगणं मला पस्तीस वर्षांच्या नोकरीत कधी जमलं नाही.

"मूळ शब्द ग्रीक. गुम्नोस, म्हणजे नागडा. ते लोक अंगावर चिंधीही न ठेवता व्यायाम करायचे."

प्रशांत माइकची वायर शोधू लागला. एका आजींनी सुनेला विचारलं, "काय म्हणले गं सर?"

"काही नाही आई, घरी चला."

मी सावरायला गेलो. "आजी, घाबरू नका, ती फक्त पुरुषांची पद्धत होती!"

आजींनी प्रशांतकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. चहा येईपर्यंत पहिली रांग रिकामी झाली होती.

प्रशांत माझ्याशी बोलेना. मला फार वाईट वाटलं. तिसऱ्या दिवशी अलकावहिनी घरी आल्या. "सर, घोळ तुम्ही घातलाय, निस्तरा पण तुम्हीच. उद्यापासून सकाळी सहाला जिममध्ये, रस्त्याकडच्या काचेसमोर. पूर्ण कपड्यांत."

तेव्हापासून मी फुल पँट, फुल शर्ट, वर स्वेटर आणि कानटोपी अशा थाटात ट्रेडमिलवर चालतो. देवळात निघालेल्या सासवा काचेपाशी थांबून खात्री करून घेतात.

महिन्याभरात बॅच भरली. माझ्या कपड्यांनी गल्लीचा विश्वास परत मिळवला, असं मी वहिनींना जरा ऐटीतच म्हणालो.

"कपडे कोण बघतंय सर," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोन्ही हातांनी दांडी धरून धापा टाकता ना, ते बघून बायका म्हणतात, यांना जमतंय तर आपल्याला काय अवघड."