लालात पिवळ्या रेघा

आमचा नियम जुना होता. पक्षी ज्याला दिसेल त्याने त्याचं नाव घ्यायचं नाही. पाठ फिरवून बसलेल्या दुसऱ्याला फक्त वर्णन सांगायचं, चोचीपासून शेपटीपर्यंत, आणि नाव त्या दुसऱ्याने घ्यायचं. जुळलं तर पक्षी खरा. नाव आधी घेतलं की डोळे त्या नावाबरहुकूम पाहू लागतात. हे आम्ही काटेपूर्णेच्या काठावर एकमेकांशी कचाकचा भांडून शिकलो. मी अकोल्यातला शाळामास्तर, तो अमरावतीचा कापड-दुकानदार. तो मला मास्तर म्हणायचा, मी त्याला भाई.

पांगारा फुलायच्या दिवसांत त्याचा फोन आला.

"मास्तर, अंगणातल्या पांगाऱ्यावर एक पाखरू येऊन राह्यलं. नाव नाई घेत. आयक."

हिरवा चमकदार माथा, लाल छाती, लालात बारीक पिवळ्या रेघा, पिवळी कंबर. मी जठारपेठेतल्या माझ्या गॅलरीत डोळे मिटून ऐकलं आणि म्हणालो, "सह्याद्रीतला लाल शिंजीर." तो घाटातला पक्षी. वऱ्हाडात त्याचं काय काम? पण त्या वर्णनातून दुसरं नाव निघेना.

"म्याबी तेच म्हटलं," तो म्हणाला.

मग बाकीचं कळलं. त्याने ही गोष्ट पक्षीमित्रांच्या ग्रुपवर टाकली होती. कोणी फोटो मागितला, कोणी नुसते हात जोडले. विश्वास कोणीच ठेवला नव्हता, कारण काचबिंदूने त्याच्या डोळ्यांच्या कडा खाल्ल्या होत्या. आदल्या आठवड्यात तो झाडात अडकलेल्या लाल प्लॅस्टिकच्या पिशवीकडे बराच वेळ दुर्बीण लावून बसला होता. पोराने ते हसत चारचौघांत सांगितलं. झालं, तेव्हापासून भाई काहीही बघो, लोकांच्या लेखी ती पिशवीच. सून मायाळू. तिने समजूत घातली, "अब्बा, हमिंगबर्ड होगा." यावर तर तो भडकलाच. "अमेरिकेतला हमिंगबर्ड अमरावतीले काय लग्नाले येईन?"

मी हसलो. तो हसला नाही.

"तू येऊन पाय, मास्तर. पिशवी असंल तर पिशवी म्हण. मन राखाले खोटं बोलू नको. नसंल पाखरू, तर दुर्बीण पेटीत टाकतो अन् हा नाद संपला."

अमरावतीच्या बसमध्ये मला त्याचा राग येत होता. हा निवाडा माझ्या गळ्यात कशाला? मूर्तिजापूर गेलं, बडनेरा आलं आणि रागाखाली भीती आहे हे माझं मलाच कळलं. 'नाही' म्हणायची वेळ आली तर मी काय करणार होतो?

सकाळी आम्ही अंगणात खुर्च्या टाकून बसलो. पांगाऱ्याला पान नव्हतं, नुसती लाल फुलं. शिंजीर येत-जात होते, आपले नेहमीचे, नावाने जांभळे, दिसायला काळेभोर. अचानक भाई ताठ झाला.

"आला! लाल हाये!"

मी पाहिलं. काळा होता. त्याच्या मागचं फूल लाल होतं.

"भाई, जांभळा शिंजीर आहे," मी म्हणालो. "लाल आहे ते फूल."

तो चष्मा काढून रुमालाने पुसत बसला. सूनबाईने चहा आणून ठेवला आणि काही न विचारता आत गेली. माझी जीभ झडली असती तर बरं, असं मला वाटलं.

चहावर साय धरली तरी आम्ही कपाला हात लावला नव्हता, आणि तो आला. अगदी खालच्या फांदीवर. मी आधी कॅमेरा चालवला. नाव ओठांपर्यंत आलं होतं, ते गिळलं.

"भाई," मी म्हणालो, "पाठ फिरव."

तो समजला. खुर्ची उचलून त्याने भिंतीकडे तोंड केलं.

"चोच बाकदार. माथा हिरवा, चमकतो."

"आणखी?"

"छाती लाल."

"कोणता लाल?" दुकानदारच तो.

"किरमिजी. शालूचा असतो तसा."

"आणखी?" एका शब्दाची मदत करायला तो तयार नव्हता.

"लालात रेघा आहेत. बारीक. पिवळ्या."

त्याचे खांदे हलले. मग एखाद्या मुलाचं नाव ठेवावं तसं, सावकाश, त्याने पक्ष्याचं नाव घेतलं.

"जुळलं," मी म्हणालो. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

फोटो त्याने नाकाशी धरून पाहिला. "लाल दिसते," तो म्हणाला. "बाकी काई नाई. त्या दिशी दुर्बिणीत रेघा दिसल्या होत्या, आता त्याबी गेल्या." पक्षी अजून फांदीवर होता. मी भाईची हनुवटी धरून मान तिकडे वळवली. त्याने पुष्कळ शोधलं. पक्षी उडून गेला तेव्हाही तो शोधतच होता.

मग त्याने गळ्यातली दुर्बीण काढून माझ्या गळ्यात घातली.

"अरे, पाखरू खरं निघालं ना?"

"खरं निघालं म्हणून तर देतो. पिशवी निघाली असती तर रागानं पेटीत टाकली असती." त्याने खुर्ची पुन्हा भिंतीकडे वळवली आणि पांगाऱ्याकडे पाठ करून बसला. "आता मी असाच बसत जाईन. तू पाय अन् सांग. नाव मी घेतो."

मी दुर्बीण डोळ्यांना लावली. फांदीवर एक मैना येऊन बसली होती. मी नाव घेतलं नाही. चोचीपासून सुरुवात केली.