शिकवलेली पोर

गुद्रुन श्टेटिन शहरातल्या एका ट्रामवाल्याची मुलगी. अठरा वर्षं पुरी होताच सरकारी श्रमसेवेत तिची रवानगी आमच्या गावाबाहेरच्या छावणीत झाली. सकाळी झेंड्याला सलामी, संध्याकाळी रक्ताच्या शुद्धतेवर व्याख्यान, आणि मधला सगळा दिवस शेतकऱ्यांच्या घरी राबायचं. तिला माझ्या शेजारणीचं, ओटिलीचं घर मिळालं. ओटिलीचा नवरा लढाईवर, पदरात दीड वर्षाची लेने, गोठ्यात चार गाई, आणि कामाला पोलंडातून पकडून आणलेला काझिमिर.

गुद्रुनला धार काढता येत नव्हती. ओटिलीने बोटं धरून शिकवली. पोर कष्टाळू होती. लवकरच मावशी, मावशी करायला लागली.

काझिमिर मात्र ओटिलीच्याच टेबलाला बसून जेवायचा. पोलिश गड्याला जर्मन घरच्यांसोबत जेवायला कायद्याने बंदी होती.

"मावशी, हे चालत नाही," गुद्रुन म्हणाली.

"बटाटे त्यानेच काढलेत. आता खायला त्याला गोठ्यात पाठवू? बस, सूप गार होतंय."

गुद्रुनने छावणीच्या प्रमुख बाईंना सांगितलं. "समज देतील, एवढंच वाटलं मला," असं ती पुढे मला म्हणाली.

त्याच आठवड्यात पोलिसांची गाडी आली. काझिमिर पुन्हा कुणाला दिसला नाही. ओटिलीला तुरुंगात टाकलं. आणि गाई, लेने यांचं कोण बघणार, म्हणून छावणीने गुद्रुनलाच त्या घरात ठेवलं. वर सगळ्यांसमोर शाबासकी दिली.

मी एकदा विचारलं, "झोप लागते का गं?"

"लेनेला दात येतायत. झोप कुठली," ती म्हणाली. मान काही वर केली नाही.

हिवाळा सरताना ओटिली परतली. केस कापलेले, गाल बसलेले. मी अंगणातच होते. लेने तिला बघून गुद्रुनच्या एप्रनमागे लपली.

"जा ना, आई आहे तुझी," म्हणत गुद्रुन तिला हाताला धरून पुढे ओढू लागली. पोर किंचाळली.

"ओढू नकोस. हात दुखेल तिचा," ओटिली म्हणाली आणि पायरीवर बसली. "धार कोण काढतं?"

"मीच."

"मग जा, काढ. गाई थांबायच्या नाहीत."

थोड्याच दिवसांत गुद्रुनची श्रमसेवेची मुदत संपली. तिला दारूगोळ्याच्या कारखान्यात पाठवलं. निघताना ती दारात रडत उभी राहिली.

"माफी काझिमिरच्या आईकडे माग," ओटिली म्हणाली. "ती कुठे राहते, ते मलाही माहीत नाही."

लेने रोज रस्त्याकडे बघत बसायची. ती आपणहून आईच्या मांडीवर यायला पुढची बटाटेकाढणी उजाडली.