कुरडयांचे आठ दिवस

"हळू बोला, त्याईचा आत्ताच डोळा लागला," माझी शेजारीण म्हणाली आणि दाराची चौकट धरून खाली बसली. मान एका बाजूला कलली. मी ओरडून शेजाऱ्यांना बोलावलं, कोणी ऑटो आणायला धावलं. ऑटो येईपर्यंत ती गेली होती. आमच्या आरडाओरड्याने तिचा नवरा जागा झाला. लकव्याने त्याची वाचा गेलेली. पलंगाच्या लोखंडावर चमचा वाजवून तो तिला बोलवायचा. तसाच वाजवत राहिला. आत जायचं आमच्यापैकी कोणालाही सुचलं नाही.

हळू बोला, हे तिचं ठरलेलं वाक्य. अचलपुरातल्या आमच्या गल्लीत भाजीवाला तिच्या दारापुढून मुकाट्याने जायचा. कुत्री भांडायला लागली तर त्यांनाही ती कुजबुजत दटावायची. मला म्हणायची, "मावशी, देवानं तुमाले गळा देला का भोंगा?" भांडायचीही हळूच. त्यामुळे तिच्याशी भांडण कधी रंगलंच नाही.

अशा बाया तुम्हीही पाहिल्या असतील. घरात एक माणूस अंथरुणाला खिळतो आणि त्याच्यासोबत एक बाई घराला खिळते. लोक तिला पुण्यवान म्हणतात. पुण्यवान म्हटलं की मदतीला जावं लागत नाही.

ती गेली त्याच्या काही महिने आधी तिच्या छातीत दुखू लागलं, जिना चढताना दम लागू लागला. परतवाड्याचा डॉक्टर म्हणाला, हृदयाचं दिसतं, अमरावतीला भरती होऊन सगळं तपासून घ्या, उशीर करू नका. तिचं एकच, "मी भरती झाली तर याईले कोन पाहीन?"

अमरावतीला एका संस्थेचं घर आहे. अंथरुणावरचा माणूस ते काही दिवस ठेवून घेतात, म्हणजे घरच्या माणसाला जरा मोकळं होता येतं. अकोल्याच्या तिच्या मुलीने फोनाफोनी करून तिथे आठ दिवसांची जागा मिळवली आणि गाडी करून बापाला नेऊन सोडलं. दुसऱ्या दिवशी आईने दवाखान्यात जायचं, सोबत मी, असं ठरलं.

सकाळी मी पिशवी घेऊन गेले, तर अंगणात गंज भरून गहू भिजत घातलेले.

"काहून वं, जीव मोठा का कुरडई मोठी?"

"चीक घाटतानी मधात उठता येत नाई, मावशी. चमचा वाजला का मले उठावंच लागे. इतक्या वर्सांत एकडाव बी नाई जमल्या. त्याईले लय आवडते. कुरडया झाल्या का जातो."

मी तिला शिव्या दिल्या. चीक शिजवायच्या दिवशी सोऱ्या मीच धरला. चुलीपुढे बसून ती चीक घाटत होती, दम खात होती आणि बोलत होती. माहेरचं, शाळेतलं, कुठलं कुठलं. घरात कोणी झोपलेलं नव्हतं. तिचा खरा आवाज मी तेव्हा पहिल्यांदा ऐकला. चांगला खणखणीत होता.

कुरडया वाळल्या. मग तिने गोधड्या धुवायला काढल्या. मग घर सारखं केलं. आठ दिवस सरले आणि तो परत आला. दाढी केलेली, गाल भरलेले.

"इथं माह्याबिगर घास नाई घेत, अन् तिथं कोनाच्याबी हातानं जेवत होते म्हने," ती म्हणाली. तिला ते लागलं होतं. दवाखान्याचं विचारलं तर म्हणाली, पुढच्या बारीले याईले ठेवलं का नक्की जातो.

पुढची बारी लवकर येणार नव्हती. त्या घरात जागा थोड्या आणि वाट पाहणाऱ्या बाया घरोघर. त्याच उन्हाळ्यात ती दारात बसली ती बसलीच.

आधी तो जाणार, असंच आम्ही सगळे धरून चाललो होतो. डॉक्टरही तसंच म्हणायचे. आता तो अकोल्याला मुलीकडे असतो. मुलीने नोकरी सोडली. मागच्या महिन्यात मी जाऊन आले. त्याची तब्येत बरी आहे.