छातीवर मांडलेला वाघ-बकरीचा डाव

जानेवारी १९७६, संक्रांतीनंतरचा मंगळवार, सकाळ. कारंजा लाड, धर्मशाळेत भरलेले डोळ्यांचे शिबिर.

हजर: बाबा, दोन दिवसांपूर्वी उजव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढलेले, डोळ्यांवर पट्टी. त्यांच्या उशाशी मी. शेजारच्या खाटेवर आसेगावचे एक म्हातारे. त्यांच्यासोबत त्यांचा शेतकरी मुलगा. मध्ये चादरीचा पडदा. पलीकडे बायकांच्या खाटा, त्यांतल्या पहिल्या खाटेवर गावातल्याच एक शेठाणी, त्यांनाही पट्टी. सोबत त्यांची सून. शिवाय नर्सबाई. त्यांना सगळेच दबून असत.

बाबा अनसिंगला शिंपीकाम करायचे. डावा डोळा लहानपणीच देवीत गेलेला. म्हणजे घरातली शिलाई आणि माझे शिक्षण, दोन्ही या एका डोळ्यावर होते. तेव्हा ऑपरेशननंतर डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून उताणे झोपवत. बाबा आदल्या दिवशी दोनदा उठून बसले होते. डॉक्टरांनी सकाळी बजावले, "पुन्हा उठलात तर टाके सुटतील. मग माझ्या हातात काही नाही."

"पडून पडून माणूस वेडा होते," बाबा म्हणाले.

त्यावर सगळ्या हॉलने सल्ले द्यायला सुरुवात केली. रिकाम्या माणसाने कोणता खेळ खेळावा, याबद्दल मत नसलेला माणूस मला वऱ्हाडात अजून भेटलेला नाही.

आसेगावच्या म्हाताऱ्यांचा मुलगा, त्याला सगळे भाऊ म्हणत, म्हणाला, "पत्त्याइसारखं काही नाही. दिवस कसा जाते, समजत नाही."

"आन् पत्ते दिसन कोनाले?" पडद्यापलीकडून शेठाणी.

"मग चौसर."

"कवड्या फेकाले हात उचला लागते. हात उचलला की मान उचलते. काही कामाचा नाही तुमचा खेळ."

कोणीतरी गाण्याच्या भेंड्या सुचवल्या. नर्सबाईंनी दारातूनच नाही म्हटले. गाताना लोक माना डोलावतात. मग कोडी झाली. भाऊने कोडे घातले, बाबांनी पटकन उत्तर दिले, भाऊ म्हणाला, "चुकलं." बाबा भांडायला उठलेच होते. मी दोन्ही खांदे दाबून धरले.

मग शेठाणी म्हणाल्या, "टेलर मास्तर, वाघ-बकरी येते का?"

"येते. पन पाटावरच्या रेघा दिसत नाही ना."

"पाट छातीवर ठेवा लागते. वाघ म्हनून अख्ख्या सुपाऱ्या. हालले तर सुपारी गडगडते. ज्याची सुपारी गडगडली, त्याचा डाव गेला. मागच्या वर्षी दुसऱ्या डोळ्याच्या वक्ताले मी असीच पडून राह्यली. ताटात राखेच्या रेघा मारल्या होत्या सूनबाईनं. पन मेल्या घडीघडी पुसून जात होत्या."

पुसल्या न जाणाऱ्या रेघांची सोय माझ्याकडे होती, पिशवीत सुई-दोरा होता. भाऊने आपल्या पोत्याची सुतळी उसवून दिली. मी बाबांचा पंचा घेतला आणि त्यावर वाघ-बकरीचा पाट सुतळीने शिवला. बोटांना प्रत्येक रेघ लागेल असा. सुपाऱ्या सूनबाईंनी दिल्या. बकऱ्या म्हणून चिंचोके वापरले. दुपारी पंचा बाबांच्या छातीवर अंथरला. वाघ बाबांचे, त्यांनी बकऱ्या खायच्या; बकऱ्या भाऊच्या, त्यांनी वाघांना कोंडायचे.

पहिल्या डावात बाबा खोकले. एक सुपारी थेट खाटेखाली गेली.

"काय झालं?" शेठाणी.

"वाघ पळाला," भाऊ म्हणाला.

"मग मास्तर हारले."

हरणे बाबांच्या स्वभावात नव्हते. त्यानंतर ते श्वाससुद्धा बेताने घेऊ लागले. बोटे तेवढी सुतळीवरून फिरत. शेठाणी पलीकडून विचारत, "आता वाघ कुठं बसला? कायले तिकडं नेला?" त्यांचे म्हणणे बहुतेक वेळा बरोबर निघे. पट्टी निघेपर्यंत बाबा पुन्हा उठले नाहीत. नर्सबाई नव्या रुग्णांना हा खेळ सांगू लागल्या.

पट्टी निघाली. बाबांना दिसले. त्यांनी आधी पंचा डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाले, "टाके किती लांब लांब घातले. कोनी शिकवलं तुले?"

शेठाणी आदल्या दिवशीच घरी गेल्या होत्या. जाताना पडद्याआडून सांगितले होते, "मास्तर, मलेबी असाच एक पाट शिवून द्या. घरी खेळीन." बाबा हो म्हणाले होते. दोघांनी एकमेकांना कधी पाहिले नाही.

त्या डोळ्याने बाबांनी पुढे कितीतरी वर्षे शिवले. माझे डी.एड. झाले, नोकरी लागली, लग्न झाले. सगळ्यांत त्या पाटाचा वाटा आहे. सुतळी देणाऱ्या भाऊचा आहे, सुपाऱ्या देणाऱ्या सूनबाईंचा आहे, आणि शेठाणींचा तर सर्वांत मोठा.

मागच्या महिन्यात बाबांच्या मशीनचे खण रिकामे केले. तळाशी मांजरपाटाची घडी होती. शेठाणींचा पाट. कडा दुमडलेल्या, सुतळी बारीक टाक्यांनी बसवलेली. गिऱ्हाइकांच्या कामात मागे पडत गेला असावा. एका कोपऱ्यापासून मधल्या घरापर्यंतची रेघ शिवायची राहिली आहे. सुई तिथेच टोचलेली होती, गंजलेली.

चौकशी केली. शेठाणी आता नाहीत. सूनबाई कारंज्यातच, घरच्या दुकानाच्या माडीवर राहतात, आणि त्यांचाही मोतीबिंदू पिकला आहे. कापड धुऊन झाले, नवी सुई आणली, सुतळी आणली. ती एक रेघ तेवढी घालायची आहे.