हळू म्हणजे कसं हळू?

"हळू म्हणजे नेमकं कसं हळू?"

कुणी 'हळू' म्हणालं की आमचे इंग्रजीचे सर कमरेवर हात ठेवून हे विचारायचे. मी तलासरीच्या त्याच शाळेत गणित शिकवते. पहिल्याच दिवशी मी जिन्यात सहज म्हटलं, "सर, हळू उतरा, फरशी ओली आहे." झालं! सरांचं 'कसं हळू' संपेपर्यंत माझा मधल्या सुट्टीचा डबा राहिलाच.

तुम्ही सरांना पाहिलं असतं तर म्हणाला असता, हा माणूस जन्मात कधी हळू चालला असेल का! डहाणूहून स्कूटरवर यायचे आणि हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून वर्गात शिरायचे. आणि शिकवायचे काय, तर वेग कमी करण्याची इंग्रजी क्रियापदं! तीही मैदानात.

नियम एकच. शब्द ऐकला की अर्थ सांगायचा नाही, उठून करून दाखवायचा. 'ब्रेक' म्हटलं की पोरं करकचून थांबायची, कारण समोर म्हैस आलेली. 'ईज ऑफ'ला म्हैस अजून लांब असायची, म्हणून नुसता जोर कमी करायचा. 'फ्लॅग'ला डोक्यावर भाताचा भारा आहे असं समजायचं. मनात जायचं असतं, पण पाय ऐकत नाहीत. झरी, वेवजी या गावांतली पोरं 'फ्लॅग' असा करायची की धावत जाऊन भारा उतरवावासा वाटायचा.

मी एकदा वाद घातला. "डॉडल काय आणि लिंगर काय, दोन्ही रेंगाळणंच की!"

"छे हो बाई! डॉडलमध्ये पुढे जायचा कंटाळा असतो. लिंगरमध्ये आहे ती जागा सोडवत नाही."

मुख्याध्यापकांना हा सगळा तमाशा वाटायचा. "तपासणीत शोभा झाली तर मैदान कायमचं बंद," त्यांनी बजावलं. सर एवढेसे झाले. मला म्हणाले, "माझं काय हो, मी वर्षाअखेरीला निवृत्त होतोय. पण माझ्यामागे या पोरांना बाकावर डांबून शब्दार्थ घोकायला लावतील." मला फार वाईट वाटलं. मुख्याध्यापकांचा रागही आला, खोटं कशाला बोलू?

तपासणीचे साहेब मुख्याध्यापकांना घेऊन नेमके नववीच्या वर्गात शिरले. मी मागे उभी होते. साहेबांनी पुस्तक उघडलं आणि विचारलं, "सांगा, डॉडल म्हणजे काय?"

अख्खा वर्ग उठला आणि दारातून बाहेर पडला! एकानं चपलेचा पट्टा तीनदा काढून घातला. दोघी मुंग्यांची रांग बघत बसल्या. एक महाशय तर मैदानाकडे निघून पाण्याच्या टाकीपाशीच पोचले. पाच मिनिटं झाली, दहा झाली.

"अहो, उत्तर कुठे आहे?" साहेब कडाडले.

"देतायत ना, साहेब," सर घाम पुसत म्हणाले. "डॉडल आहे. वेळ लागणारच."

मुख्याध्यापकांचा चेहरा बघवत नव्हता. मी पदर तोंडात कोंबला. साहेब बॅग उचलून तरातरा निघाले, दारापर्यंत गेले आणि पोरांचे चाळे बघत तिथेच उभे राहिले. दोन मिनिटं तरी हलले नाहीत. तेवढ्यात झरीची सुनंदा परत आली. साहेबांनी तिला अडवलं. "बरं, मग लिंगर म्हणजे काय?"

सुनंदानं त्यांच्या पायांकडे बोट दाखवलं. "तुम्ही आत्ता करताय ते, साहेब."

बाई गं! पण साहेब दाराची चौकट धरून इतके हसले की चष्मा पडला. मैदान वाचलं. सरांनी त्या दिवशी स्टाफरूममध्ये सगळ्यांना चिकू वाटले आणि मला दोन जास्त दिले.

वर्ष संपलं, सर निवृत्त झाले. सुट्टीनंतर शाळा उघडली तरी नवे शिक्षक काही आले नाहीत. मुख्याध्यापकांनी तिसऱ्या तासाला मला इंग्रजीसाठी त्याच पोरांवर पाठवलं, आता ती दहावीत होती. "मैदान-बिदान काही नको. शब्दार्थ फळ्यावर लिहून द्या," म्हणाले.

वर्ग रिकामा होता. पोरं मैदानात रांगेत उभी होती, कुणीही सांगितलेलं नसताना.

"अगं, मी गणिताची बाई. मला कुठं येतं हे सगळं?" मी सुनंदाला म्हटलं.

"आम्हाला येतं ना. तुम्ही फक्त या, बाई."

शब्दार्थांचा कागद मी पायरीवर ठेवला, वर खडूची पेटी ठेवली आणि जाऊन रांगेत शेवटी उभी राहिले.