सहकर्जदार

बँकेतल्या साहेबाने माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी लांड्यालबाड्या करायलाच आलोय. मानकोलीला आमच्या शेतावर गोदाम उभं, त्याचं भाडं त्याच बँकेत जमा होतं, आणि मी पोरीसाठी शैक्षणिक कर्ज मागतोय!

"काका, तुमचं उत्पन्न जास्त आहे, व्याजाची सवलत नाही मिळणार," तो म्हणाला. "त्यापेक्षा ठेव मोडा, नाहीतर ठेवीवर कर्ज घ्या. स्वस्त पडेल."

महिनाभर मी तरी दुसरं काय सांगत होतो? पण ऐकेल तर माझी पोरगी कसली! तिला जर्मनीत शिकायचं होतं आणि कर्ज स्वतःच्या नावावर हवं होतं. माझी फक्त सही, सहकर्जदार म्हणून.

"अगं, पण गरज काय हाय?" मी तिथेच खेकसलो. "लोक म्हणतील, गोदामवाल्याने पोरीला कर्जात घातलं."

फॉर्म भरता भरता ती म्हणाली, "बाबा, तुमच्या पैशाने गेले तर तुम्ही बोलवाल तेव्हा परत यावं लागेल. बँक तसं बोलवणार न्हाय."

साहेब कॉम्प्युटरमध्ये तोंड घालून बसला. माझ्या डोक्यात सणक गेली, पण पोरगी खोटं काय बोलली? तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. एकटं राहायची मला भीती वाटत होती, म्हणून तर ठेव पुढे करत होतो. मुकाट सही केली.

ती शिकली, तिकडेच नोकरीला लागली. आधी रोज फोन, मग रविवारी, मग जमेल तेव्हा. पण हप्त्याचा मेसेज सहकर्जदारालाही येतो, हे मला कुठे ठाऊक होतं! दर महिन्याच्या पाच तारखेला सकाळी: हप्ता जमा झाला. म्हणजे पोरगी बरी आहे, कामावर जातेय. त्या दिवशी तो मेसेज बघूनच मी चहा ठेवायचो.

एकदा पाच गेली, सहा गेली, मेसेज नाही. तिचा फोनही लागेना. सात तारखेला बँक उघडायच्या आधीच दारात जाऊन उभा राहिलो आणि हप्ता भरून आलो. तिचा पगार उशिरा झाला होता, एवढंच.

"कोणी सांगितलं होतं तुम्हाला भरायला?" फोन करून चांगला अर्धा तास भांडली. खरं सांगतो, इतकं बरं वाटलं मला! किती दिवसांनी एवढं बोलली होती.

गेल्या महिन्यात तिचा व्हिडिओ कॉल आला. "बाबा, सगळं कर्ज फेडलं! मुदतीच्या आधी! आता तुम्ही पण सुटलात."

"शाब्बास गं माझी वाघीण!" मी म्हटलं, आणि आळीत पेढे वाटून आलो.

काल पाच तारीख होती. सवयीने मोबाइल समोर घेऊन बसलो. दुपार झाली तेव्हा लक्षात आलं, अजून चहाच घेतला नाही.