वैदेहीची जागा

प्रयोगशाळेच्या दाराच्या काचेतून वैदेही दिसली. सुट्टीचा दिवस, संध्याकाळची वेळ, इमारतीत चिटपाखरू नाही, आणि ही टाकीतल्या माशांना खाऊ घालत उभी. याच माशांवर तिने माझ्या हाताखाली पीएच.डी. केली. आता तिला इथे ना पगार, ना टेबल.

मी आत गेले. "अगं, तू कशाला आलीस आज?"

"सुट्टीत यांच्याकडे कोण बघणार, मॅडम?"

पुढच्या संशोधनासाठी ती विद्यापीठांतून पोस्टडॉकची जागा शोधते आहे. उत्तरं येतात, तीही गोड. काम आवडलं, पण सध्या जागा नाही. मी ओळखीच्या सगळ्यांना फोन केले. आमच्याच विभागप्रमुखांना विचारलं, तर म्हणाले, "आधी वरून जागेला मंजुरी तर येऊ दे."

एखाद्याला एका विषयात पार बुडवून टाकायचं, आणि मग बाहेर त्या विषयाला कुणी विचारत नाही हे त्याच्यासोबत बघत बसायचं. शिकवणं म्हणजे एवढंच का?

"आई रोज विचारते," ती माशांकडे बघतच म्हणाली, "डॉक्टर झालीस ना, मग आता कसली वाट बघतेस? काय सांगू तिला?"

तिच्या प्रबंधातल्या एकेका ओळीवर आम्ही तासन्‌तास वाद घातला होता. आता मला एक वाक्य सुचेना. "सांग तिला..." मी सुरुवात केली.

तिने खाद्याचा डबा बंद केला, "येते मॅडम," म्हणाली आणि जाताना सवयीने दिवा मालवून गेली. मी अंधारात उभी होते. तिला हाक मारायचा धीर झाला नाही.